हँडल कोणी फिरवलं

बसा भाऊ, त्या उलट्या टायरवर बसा. कॉम्प्रेसरची टाकी भरायला वेळ लागतो, आणि तुमच्या मागच्या चाकात खिळा घुसलाय, तो काढून पंक्चर लावायचं म्हणजे अर्धा तास धरा. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. खुनाची म्हटली तर खुनाची, नाही म्हटली तर नाही. ऐकून तुम्हीच ठरवा. फक्त मधेच गाडीत जाऊन हॉर्न वाजवू नका. एका हॉर्नपायी मी सहा दिवस स्वतःला खुनी समजत होतो.

मी झुलाल. चौथीत शाळा सुटली. तो तिकडे सोनगीरचा किल्ला दिसतो ना, त्याच्या नजरेतल्या या फाट्यावर पस्तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. गाड्यांची हवा-पंक्चर नंतर आली, पोटासाठी. हायवे चौपदरी झाला तेव्हा साहेब लोक सांगायचे, आता तुमची सोय झाली. आमची सोय म्हणजे हा सर्व्हिस रोड. अर्ध्यात गाड्या उभ्या, अर्ध्यातून चहाला उतरलेले ट्रक. सायकलवाल्यानं जायचं कुठून, ते कोणी कागदावर काढलंच नाही.

मागच्या साली पोळा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी नऊची वेळ, लख्ख ऊन. इथून दोनशे पावलांवर जीवराम मेला.

आणि त्याला झुलालनं मारलं, असं अख्खा फाटा म्हणायला लागला.

१

जीवराम फेरीवाला. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी सायकलवर लादून गावोगाव विकायचा. सकाळी सुरेशचंद शेठच्या दुकानातून माल उचलायचा. मागं दोन मोठ्या घागरी, त्यात तांबे-पेले, हँडलला कळशी. तो निघाला की भांडी वाजायची, आणि माझी बायको म्हणायची, नऊ झाले.

आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. हँडल थोडं ढिलं लागतंय, म्हणाला. मी वरचा बोल्ट कसायला घेतला. पाना बोल्टवर होता, तेवढ्यात एका गाडीवाल्यानं हॉर्न दाबला. एकदा नाही, दाबूनच धरला. हवा भरायची होती साहेबाला. मी पाना तसाच ठेवून गेलो. परत आलो, जीवरामशी दोन शब्द बोललो, तो गेला.

मधे काय केलं ते आठवत नाही.

माझी एक रीत आहे. हँडल कसलं की पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत आवळायचं आणि हँडल दोन्ही हातांनी पिळायचं. ढिलं असलं तर चाक गुडघ्यांत राहतं आणि नुसतं हँडल फिरतं. घट्ट असलं तर हलत नाही. ही परीक्षा केल्याशिवाय मी सायकल सोडत नाही. पस्तीस वर्षांत सोडली नाही. पण त्या संध्याकाळी केली का? परमेश्वराची शपथ, आठवेना.

दुसऱ्या दिवशी शेठच्या दुकानातून माल घेऊन तो धुळ्याच्या बाजूला निघाला. मागून रावेरचा केळीचा ट्रक, चोपडा-शिरपूरवरून आलेला, चहासाठी सर्व्हिस रोडला उतरलेला. ड्रायव्हरचं नाव मगन. गाडी हळू होती. तरी जीवराम पुढच्या चाकासमोर पडला आणि संपला. मगन पळाला नाही, उतरून डोकं धरून बसला. लोकांनी त्याला बसल्या जागी धुतला. मार खाताना तो एकच सांगत होता की सायकलचं हँडल एकाएकी डावीकडे फिरलं आणि माणूस उजवीकडे, माझ्यासमोर पडला.

मी पोचलो तेव्हा नीलेश भाऊनं जीवरामचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नीलेश म्हणजे आमच्या भागातला कार्यकर्ता. पांढरे कपडे, पांढरी उंच गाडी, कुठं काही झालं की पहिला हजर. त्याच्या कपड्यांना रक्त लागलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. लोक कुजबुजत होते, हँडल निघालं, हँडल निघालं. मग कोणीतरी विचारलं की काल ते कसलं कोणी, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी जीवरामची बायको भिकुबाई दुकानात आली. बरोबर तिची पोरगी मेघा, बारावीला होती तेव्हा. भिकुबाई रडली नाही, ओरडली नाही. या दगडावर बसली आणि म्हणाली, "झुलालभाऊ, खरं सांगा. हँडल कसेल व्हतं का नही?"

मी म्हणालो, भिकुबाई, माले आठवत नही.

ती उठली आणि गेली. मेघा मात्र वळून माझ्या हातांकडे बघत राहिली. त्या नजरेनं पाना माझ्या हातून पडला, तो चार दिवस मी उचलला नाही.

२

पाचव्या दिवशी नीलेशनं रस्ता रोको केला. गतिरोधक बसवा, ट्रकवाल्यांना आवरा. माईकवर बोलता बोलता तो माझ्याकडे हात करून म्हणाला की माणसाकडून चूक होते, आमच्या आबांनाही सांभाळून घ्या, त्यांना कोणी काही बोलू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यानं सगळ्यांदेखत माफ करून टाकलं होतं, भाऊ. मी मान खाली घालून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, केवढं मोठं मन आहे या माणसाचं.

पण माफी मिळाली तरी झोप येत नव्हती. सहाव्या दिवशी मी उठलो आणि चौकीत गेलो. तिथं अभिमन हवालदार. शाळेत होता तेव्हा त्याची सायकल मीच नीट करायचो. त्याला म्हटलं, मला जीवरामची सायकल बघू दे. मी दोषी असलो तर लिहून घे आणि इथंच बसव.

तो म्हणाला, आबा, कागद झालाय. हँडल सुटून तोल गेला, असं लिहिलंय. बघून काय करणार? पण चावी घेऊन मागच्या पत्र्याखाली नेलं मला.

मागचं चाक पापडासारखं झालेलं, कॅरिअर चेपलेलं. पुढचं चाक मात्र जवळजवळ सरळ. आणि हँडल वाकडं, चाकाच्या रेषेत नव्हतं. म्हणजे फिरलंच होतं. मी म्हटलं, झालं, झुलाल, तूच आहेस तो.

तरी रीत ती रीत. मी पुढचं चाक गुडघ्यांत आवळलं आणि हँडल पिळलं.

हललं नाही.

परत पिळलं. अभिमनला म्हटलं, तू जवान आहेस, तू पिळ. त्यानं दात खाऊन जोर लावला, त्याची टोपी पडली, पण हँडल तसूभर सरकलं नाही. बोल्ट असा बसला होता जसा मीच बसवतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते अभिमननं पाहिलं नाही, तो टोपी उचलत होता.

म्हणजे मी कसलं होतं. मग घट्ट हँडल फिरलं कसं?

त्याच दिवशी मगन ड्रायव्हर हजेरी लावायला चौकीत आला होता. सुजलेला डोळा अजून उतरला नव्हता. मला पाहून मागं सरला बिचारा, त्याला वाटलं हाही मारतो की काय. मी त्याला बाकावर बसवलं, चहा पाजला आणि एकच गोष्ट विचारली. हँडल फिरलं तेव्हा नुसतं हँडल फिरलं की चाकही फिरलं?

त्यानं डोळे मिटले. आठवायला त्याला जड जात होतं. मग म्हणाला, "चाक बी फिरलं, आबा. माझ्यासमोर चाक आडवं झालं, मग तो उडाला."

आता हे लक्षात घ्या. ढिलं हँडल फिरतं तेव्हा चाक सरळच पळतं, गुडघ्यांत धरल्यासारखं. चाक हँडलबरोबर आडवं झालं, म्हणजे त्या घडीला बोल्ट घट्ट होता. आधी कशाच्या तरी दणक्यानं हँडल आणि चाक दोन्ही डावीकडे वळले. चाक आडवं होऊन अडलं, तरी दणक्याचा जोर उरला होता, म्हणून घट्ट कसलेलं हँडलही पिळून वाकडं झालं. एवढा दणका हातानं बसत नाही.

मी परत सायकलीकडे गेलो. डाव्या मुठीचं रबर टोकाला चिरलं होतं, पात्यानं कापावं तसं. आणि डाव्या ब्रेकच्या खाचेत बोटाच्या पेराएवढा एक लाल रबराचा तुकडा अडकला होता. मला वाटलं होतं मुठीचाच असेल. पण जीवरामच्या मुठी काळ्या. मीच घातल्या होत्या.

अभिमनला म्हटलं, हा तुकडा जप. जीवराम पडला नाही, त्याला पाडलाय.

३

सुरेशचंद शेठ भला माणूस, पण फार जपून बोलणारा. दोनच पिढ्या झाल्या इथं येऊन, असं तो स्वतःच म्हणतो. म्हणजे भांडण कुणाशी घ्यायचं नाही. सातव्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा तो कळशांना फडका मारत होता. कुसुमलता भाभींनी पाणी आणून दिलं.

त्यानं सांगितलं ते असं. जीवरामला त्यानं स्वतः पायरीवर उभं राहून कळशी हातात दिली. जीवराम निघाला आणि शेठ वळून आत तराजूकडे गेला. मग पहिल्यांदा एक धप्प असा आवाज आला. त्यानंतर भांडी पडल्याचा. मग ब्रेक.

मी विचारलं, आधी धप्प, मग भांडी? उलटं तर नाही?

शेठ म्हणाला, वीस वर्षं भांड्यांचा आवाज ऐकतोय आबा, धप्प भांड्याचा नव्हता.

मग रस्त्याच्या कडेला काय उभं होतं ते विचारलं. तीन गाड्या. एक शेठची स्वतःची, पायरीला लागून, तीत कोणी नव्हतं, जीवराम तिला ओलांडूनच पुढं गेला होता. तिच्या पुढं नीलेश भाऊची पांढरी. तिच्याही पुढं दीपकची जुनी जीप, जी शिरपूरला सवारी मारते. मी म्हटलं, शेठ, तुम्ही बाहेर पळत आलात तेव्हा कुणाच्या गाडीचं दार उघडं होतं?

त्याच्या हातातला फडका थांबला. म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं, आबा." आणि पुसून झालेलीच कळशी पुन्हा पुसायला लागला.

भाऊ, मी काही शिकलेला नाही, पण पस्तीस वर्षं गिऱ्हाईक बघतोय. हा माणूस काहीतरी गिळून बसला होता.

तरी दार हा शब्द माझ्या तोंडातून गेला तो उगाच नव्हता. उभ्या गाडीच्या बाजूनं सायकलवाला चाललाय. ड्रायव्हरचं दार उजवीकडे, रस्त्याच्या बाजूला. आतल्या माणसानं मागं न बघता दार लोटलं की दाराची कड थेट सायकलच्या डाव्या मुठीला लागते. हँडल डावीकडे फिरतं, माणूस उजवीकडे उडतो, चालत्या रस्त्यात. असे गुडघे फुटलेले, दात पडलेले किती जण माझ्या दुकानात सायकल घेऊन आलेत. गाडीवाला उलट त्यांनाच शिव्या देतो, माझ्या दाराला ओरखडा पडला म्हणून. जीवरामच्या मागं ट्रक होता, एवढाच फरक.

पण कोणी दार उघडलं? आणि एवढा जीव गेल्यावर गप्प कोण बसलंय?

संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर भिकुबाई बसली होती. मांडीवर एक पिशवी. तिनं पिशवीतून जीवरामची पँट काढली आणि माझ्या पायाशी टाकली.

४

ती जीवरामवर चिडली होती. मेलेल्या नवऱ्यावर.

दवाखान्यातून कपडे आले ते तिनं भिजवले. उजव्या पायाचं रक्त काळं पडलं आणि बरंचसं गेलं. डाव्या पायाला पोटरीवर मोठा डाग होता, तो लालच राहिला, नारिंगी लाल. तिनं नाक लावलं तर काताचा वास. गुटख्याचा. लोक म्हणत होतेच की फेरीवाले नशापाणी करतात. तिला वाटलं, हाही चोरून खात होता आणि मला कळू दिलं नाही.

ती म्हणाली, "वीस वरीस तोंडमा सुपारी नही गयी, आसं माले सांगे. खोटं बोलना."

मी डाग बघितला. वरून खाली पसरलेला. भाऊ, स्वतः थुंकणारा माणूस स्वतःच्या पोटरीवर बाहेरून थुंकत नाही, तेही सायकल चालवताना. मी म्हटलं, भिकुबाई, जीवराम खोटं नही बोलना. हे दुसऱ्याच्या तोंडचं आहे.

मग सगळं डोळ्यांसमोर आलं. गाडीतला माणूस उतरत नव्हता. त्यानं थुंकायला दार उघडलं. बघितलंय ना तुम्ही, सिग्नलला, फाट्यावर, दार किलकिलं होतं, खालून मुंडकं येतं, पिचकारी पडते, दार बंद. मागं कोण येतंय ते बघायला मुंडकं खाली असताना डोळे कुठं असणार.

मेघा ओट्याच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, गुटखा तर दीपक जीपवाला खातो.

खरं होतं. दीपकच्या तोंडात चोवीस तास पुडी. नीलेशनं तर सव्वीस जानेवारीला शाळेत मुलांसमोर शपथ घेतली होती तंबाखू सोडायची, फोटो छापून आला होता. सुरेशचंद शेठच्या घरात तर लसूणही येत नाही.

मी पाना घेतला. चार दिवस न उचललेला पाना. आणि दीपकच्या जीपकडे निघालो. खरं सांगतो, दुरुस्तीला नव्हता घेतला.

जीप फाट्यावरच उभी होती. उजवी बाजू वरपासून खालपर्यंत लाल, जशी कोणी पिचकारीनं रंगवलीय. दीपक आत बसून चघळत होता. मी म्हटलं, उतर खाली.

तो डावीकडच्या सीटवर सरकला आणि त्या बाजूनं उतरला. मी म्हटलं, इकडून का नाही उतरत? तो हसला. म्हणाला, आबा, तुम्हीच तर बघितलंय, वर्ष झालं हे दार बिजागरीतून निखळलंय, तारेनं बांधलंय.

मी वाकून पाहिलं. तारेला गंज चढला होता, गाठीवर चिखल वाळला होता. ते दार वर्षात उघडलंच नव्हतं. म्हणूनच तर सगळी पिचकारी खिडकीतून आणि दारावर.

पाना खाली घेतला. मग एक गोष्ट डोक्यात बसली. ज्याच्या गाडीचं दार लाल, तो दार उघडत नाही. आपल्याला शोधायचंय ते स्वच्छ दार. काच खाली केली की चेहरा दिसतो, म्हणून काच खाली न करणारा. गुटखा खातो हे लोकांना कळू द्यायचं नाही, असा.

मी दीपकला विचारलं, त्या दिवशी हँडल निघालं, असं पहिल्यांदा कोण बोललं? त्यानं आठवून सांगितलं, नीलेश भाऊ. जीवरामला उचलतानाच म्हणत होते, हँडल निघालं याचं, झुलाल आबाकडून कालच कसून आणलं होतं.

जीवराम माझ्याकडे आला होता, हे नीलेशला कसं ठाऊक? मग आठवलं. आदल्या संध्याकाळी हॉर्न दाबून धरणारी गाडी पांढरी होती, उंच होती. काच वर होती, म्हणून आत कोण ते मी पाहिलं नव्हतं.

५

पंधरा दिवस ती गाडी फाट्यावर दिसली नव्हती. नीलेश दुसऱ्याच्या मोटारसायकलवर फिरायचा. सोळाव्या दिवशी दुपारी माझ्या दुकानासमोर पांढरी गाडी येऊन थांबली. पुढचं चाक बसलं होतं, त्याचाही नाइलाज होता. हॉर्न वाजला.

मी गेलो. काच वर, एसी चालू. त्यानं काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाला, आबा, जरा लवकर, धुळ्याला मीटिंग आहे. बोलताना गाल फुगलेला.

मी जॅक लावला. चाकाचे नट सोडता सोडता गाडीभोवती फिरलो. नवी गाडी घेतली की लोक दारांच्या कडांना रबराची पट्टी लावतात, ओरखडा पडू नये म्हणून. तीन दारांना लाल पट्टी होती. ड्रायव्हरच्या दाराला नव्हती. नुसती गोंदाची काळी रेघ.

चाक काढलं, गडगडवत दुकानात नेलं आणि आत पत्र्यामागं ठेवलं. चाक काढलं की गाडी माझी. मग अभिमनला फोन लावला, तुकडा घेऊन ये म्हटलं. बायकोला भिकुबाईकडे पाठवलं. आणि गाडीच्या उजव्या बाजूला, मागच्या चाकाशी बसून राहिलो.

दहा मिनिटं गेली. तोंड भरलं असेल. दार चार बोटं उघडलं, मुंडकं खाली आलं, पिचकारी पडली, दार मिटलं. त्यानं मागं बघितलंच नाही. बघितलं असतं तर मी हातभर अंतरावर होतो.

अभिमन आला, भिकुबाई आणि मेघा आल्या, लोक जमले. नीलेशला बाहेर यावं लागलं. मी रस्त्यावरचं लाल थारोळं दाखवलं, पँटवरचा डाग दाखवला. अभिमननं तुकडा काढून पट्टीला लावला. तोच लाल, तीच जाडी.

नीलेश हसला. म्हणाला, असलं रबर धुळ्यात कुठल्याही दुकानात मिळतं, आबा. चूक झाकायला माणूस काय काय करतो. मी तुम्हाला सांभाळून घेतलं, त्याचं हे फळ?

लोक चुळबुळले. दोघातिघांनी मान डोलावली. मला कळलं की हा सुटतोय.

तेव्हा मागून सुरेशचंद शेठ पुढं आला. हातात तोच फडका. भिकुबाईनं त्याच्याकडे फक्त बघितलं. शेठनं फडक्याची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "मी आवाजाला वळलो तेव्हा पांढऱ्या गाडीचं दार मिटत होतं. आधी यांनी दार मिटलं, मग हे धावले."

मघाशी मान डोलावणारे दोघेतिघे मागं सरले.

नीलेशचा चेहरा उतरला. मग तो चिडून म्हणाला, "मी मुद्दाम केलं का? दारच तर उघडलं होतं."

माझ्या हातात पाना होता. अभिमननं माझं मनगट धरलं, म्हणून आज इथं बसून गोष्ट सांगतोय.

भिकुबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "दार चुकीनं उघडनं आसीन. पन झुलालभाऊनं नाव तू चुकीनं लिधं का?"

माझं नाव त्यानं घेतलं तेही चुकीनंच का, असं विचारत होती ती. त्याच्या गाडीला चाक नव्हतं, म्हणून तो चालत चौकीत गेला.

६

पुढं काय झालं विचारू नका. विचाराल तर डोकं तापतं. मगनवरचा डाग गेला, तो दर हंगामात इथं थांबून केळीचा घड टाकून जातो. चौकीतला कागद बदलला. नीलेश जामिनावर बाहेर आहे, तारखा पडतात. गाडी अजून फिरते, फक्त या फाट्यावर थांबत नाही. मागच्या महिन्यात एका शहाण्यानं मला विचारलं, दार उघडलं म्हणून एवढं काय? एवढं काय म्हणजे? दोन टनाच्या लोखंडात बसलेला माणूस मागं न बघता लोखंड लोटतो, आणि बाहेरचा सायकलवाला चेपला की कागदावर लिहितात, तोल गेला. बठ्ठा दोष, सगळाच्या सगळा, नेहमी त्याचाच, ज्याच्याकडे बंपर नाही. रस्त्यावर सायकलवाला दिसला की तुम्हाला तो अडथळा वाटतो, भाऊ. त्याच्या घरी कोणीतरी नऊ वाजायची वाट बघत असतं.

जीवरामची सायकल चौकीतून सुटली ती भिकुबाईनं माझ्याकडेच आणली. मागचं चाक मी नवं बांधलं. आता मेघा ती घेऊन कॉलेजला जाते, फाट्यापर्यंत आणि पुढं एस.टी.नं धुळ्याला. पहिल्या दिवशी मी हँडल कसलं आणि बाजूला झालो. ती पुढं आली, चाक गुडघ्यांत आवळलं आणि पिळून पाहिलं. मला राग नाही आला. रोज करते ती, माझ्यासमोर. मीच तिला म्हटलंय, रोज कर.

तिनंच मला एक गोष्ट दाखवली, शेठच्या गाडीत बसवून. साधीच आहे, पण मला आयुष्यात सुचली नव्हती.

हे घ्या, झालं तुमचं चाक. हवाही बरोबर आहे. पंक्चरचं काय द्यायचं ते नंतर बघू. आधी माझं एक काम करा. गाडीत बसा, दार लावून घ्या. आता बाहेर यायचंय असं समजा. उजवा हात मांडीवर राहू द्या. डावा हात पुढं न्या, उजव्या दाराच्या खटक्याला लावा. बघा, खांदा वळला ना? मान वळली ना? मागचा रस्ता दिसतोय ना?

दिसतोय तर दिसू द्या. आणि तो मोकळा झाल्यावर, माझ्यासमोर एकदा, हळूच दार उघडून दाखवा.